निघालाच पोरगा

मे लागला की आमच्या दुकानातला फोन
वाजत नाही, तापतो.
महालात, गल्लीच्या तोंडाशी, हेडाऊ मोटार वाइंडिंग.
बाहेर खसच्या ताट्या ओल्या करून ठेवलेल्या,
आत मी, एक रजिस्टर,
आणि तांब्याच्या तारेचा जळका वास.

हेडाऊजींनी पहिल्याच दिवशी शिकवलं,
"गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, पोरी.
म्हणायचं, निघालाच पोरगा."
पोरगा म्हणजे शालिकभाऊ, वय त्रेपन्न,
तेव्हा जरीपटक्यात कुणाच्या तरी गच्चीवर
कूलरचा पंप उघडून बसलेला,
पुढे अजून अकरा घरं.

मी कोर्स केला होता बर्डीवर, तीन महिन्यांचा,
औषधांच्या दुकानावरचा जिना चढून.
तिथले सर सांगायचे, फोनवरही हसा, हसू ऐकू जातं.
'करून राह्यलो' म्हणू नका, 'करत आहोत' म्हणा.
समोरचा चिडला तर म्हणा,
तुमची अडचण मी समजू शकते.

सेहेचाळीस अंशांत हसू ऐकू जात नाही.
मला ऐकू येतो पलीकडचा पंखा, गरम हवा ढवळणारा,
मागे किरकिरणारं तान्हं,
आणि, "बाई, सकाळपासून निघालाच आहे तुमचा पोरगा,
काटोलहून पायी येऊन राह्यला काय?"

एका दुपारी प्रतापनगरचे बारापात्रे.
त्यांचा तिसरा फोन. मी तोंड उघडलं, निघा...
"थांबा," ते म्हणाले. "मी भांडत नाही.
फक्त खरं सांगा. आज होणार नसेल
तर हिला भावाकडे नेतो, तिथे एसी आहे.
ऑक्सिजनवर असते ती.
तुम्ही येतो म्हणता म्हणून आम्ही बसून आहोत.
कालही बसलो."

तुमची अडचण मी समजू शकते,
हे वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच वाळलं.
मी रजिस्टर ओढलं. बोटाने घरं मोजली.
"काका, आज नाही होत.
उद्या नऊ ते साडेदहा.
जमत नसेल तर आठलाच मी कळवते.
माझं नाव रुणाली, मलाच विचारा."

पलीकडे नुसता पंखा.
मला वाटलं, आता शिवी येणार.
"बरं झालं," ते म्हणाले,
आणि ऑटोवाल्याला फोन लावायला
माझा फोन ठेवला.

हेडाऊजी भडकले. "नाही म्हणालीस? मेमध्ये?"
दोन गिऱ्हाइकं गेलीही त्या आठवड्यात,
एक गोधनी रोडचं, एक बँकेतलं.
खोटं कशाला सांगू, पगाराची भीती वाटली.

तरी पट्टी घेऊन मी रजिस्टरात
नाव, पत्ता, तक्रार यांच्यापुढे
एक रकाना आखला : काय सांगितलं.

शालिकभाऊंनी तो सकाळी वाचला,
कपाळावरचा चष्मा खाली घेऊन.
"हे साडेदहाचं कोनं सांगतलं?"
मी.
"मंग मले इचारत जा ना बाप्पा आधी."
हे कोर्समध्ये नव्हतं.
आता आधी त्यांना विचारते.

शिव्या अजून येतात. हसायला विसरते.
'राह्यलो' कधी परत आलं तोंडात, कळलं नाही.
त्यावर कुणाची तक्रार नाही.

काल रात्री आठला आईचा फोन, कुठवर आलीस?
"निघालेच," म्हणाले.
चहा अजून गाळायचा होता,
तीन पावत्या बाकी,
गाडीची किल्ली सापडत नव्हती.
मग स्वतःचाच आवाज ऐकू आला.
"नाही गं आई. पाऊण तास लागेल अजून."

"मंग तसं सांग ना," ती म्हणाली,
"तवा उतरवून ठेवतो मी."